मृत्युदंड आणि शाश्वत विकास : एक ख्रिस्ती विचार

मृत्युदंड असावा की नसावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा एखाद्या अमानुष गुन्ह्याची बातमी आल्यावर विचारला जातो. त्या वेळी लोकांची मने संतापलेली असतात आणि तो संताप अकारण नसतो. अशा दिवसांत धर्मगुरूला प्रार्थनेनंतर मंदिराच्या दारात आणि धर्मशिक्षकाला वर्गात एकच प्रश्न ऐकावा लागतो : "अशा माणसाला फाशी नाही, तर मग काय?" २०१८ मध्ये ख्रिस्तसभेने आपल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २२६७ व्या परिच्छेदात बदल करून मृत्युदंड अग्राह्य ठरवला, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे. परंतु तो का अग्राह्य, हे श्रद्धावंतांना सांगण्याची वेळ आली की आपले उत्तर पुष्कळदा अडखळते.

दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत 'शाश्वत विकास' हा शब्द आपल्या धर्मग्रामांतील समाजकार्यात रुळला आहे. बचत गट, पाणलोट, वृक्षलागवड, मुलींचे शिक्षण ही कामे आपण या नावाखाली करतो. फाशीचा दोर आणि पाणलोटाचा बांध यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध आहे, आणि तो वरवरचा नाही, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात तो उलगडून दाखवण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत. विवेचनासाठी मुख्य उदाहरण ग्वाल्हेरचे घेतले आहे. लष्कर आणि शिंदे की छावनी ही तेथील वस्त्यांची नावेच सांगतात की ते शहर मराठी सैन्याच्या तळावर उभे राहिले. आणि स्वतंत्र भारतातील सर्वांत गाजलेल्या फाशीचा एक धागा त्याच शहरातून जातो.

१. शाश्वत विकासाची तीन मूल्ये

१९८७ मध्ये ब्रुन्टलँड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली तिचा आशय असा : आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढील पिढ्यांची गरजा भागवण्याची शक्ती खुंटू नये. १९९२ च्या रिओ परिषदेने त्यात सावधगिरीच्या तत्त्वाची भर घातली. जेथे गंभीर आणि भरून न येणारी हानी संभवते तेथे पूर्ण खात्री नसल्याची सबब सांगून उपाययोजना लांबणीवर टाकू नये, असे हे तत्त्व आहे. २०१५ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी सतरा ध्येये स्वीकारली. त्यांतील सोळावे ध्येय शांती, न्याय आणि सक्षम संस्था यांविषयीचे आहे, आणि सर्वांना न्यायाची समान संधी मिळावी हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. या संपूर्ण कार्यक्रमाचा पाया म्हणून कोणालाही मागे न ठेवण्याचे वचन दिले गेले.

ख्रिस्ती वाचकाला हे विचार परके वाटू नयेत. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या 'पोप्युलोरुम प्रोग्रेसियो' या विश्वपत्रात सांगितले होते की खरा विकास हा प्रत्येक मनुष्याचा आणि संपूर्ण मनुष्याचा असतो. २०१५ च्या 'लाउदातो सी' मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकाच कानाने ऐकण्यास शिकवले.

या सर्वांतून आपल्या विषयाला लागू पडणारी तीन मूल्ये निघतात. पहिले, कोणीही मागे राहू नये. दुसरे, जी हानी भरून काढता येत नाही ती करण्यापासून मनुष्याने स्वतःस आवरावे. तिसरे, आपल्या आजच्या कृतीचा भार उद्याच्या पिढीवर पडतो याचे भान ठेवावे. संयुक्त राष्ट्रांच्या सतरा ध्येयांत मृत्युदंडाचा शब्दानेही उल्लेख नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु या तीन कसोट्यांवर मृत्युदंड घासून पाहण्यास कोणाची हरकत नसावी.

२. भूमी आणि रक्त : पवित्र शास्त्राची साक्ष

भूमीची काळजी आणि मनुष्यवधाची शिक्षा हे दोन विषय आपण आज वेगळे मानतो. जुन्या करारात ते एकत्रच येतात. गणना या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात म्हटले आहे की सांडलेल्या रक्ताने देश भ्रष्ट होतो, आणि ज्याने ते सांडले त्याच्या रक्तावाचून त्याचे प्रायश्चित्त होत नाही. हे वचन मृत्युदंडाच्या बाजूचे आहे. ते टाळून पुढे जाणे शास्त्राशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. खून ही दोन माणसांतील खाजगी बाब नाही, तिने सर्वांची भूमी मलिन होते, हे त्यातील सत्य आजही सत्यच आहे. विकासाच्या गोष्टी करताना ज्यांना बळी पडलेल्यांचा विसर पडतो त्यांनी हे वचन आधी वाचावे.

परंतु शास्त्र तेथे थांबत नाही. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात, खुनी सापडला नाही तर काय करावे याचा विधी आहे. प्रेत जेथे सापडले तेथून आसपासच्या गावांचे अंतर मोजावे, आणि सर्वांत जवळच्या गावाच्या वडीलधाऱ्यांनी कालवड घेऊन प्रायश्चित्त करावे. म्हणजे दोष एका हातापुरता मर्यादित नाही, जवळच्या गावालाही त्याचे उत्तर द्यावे लागते. तो वाटसरू असुरक्षित का राहिला, हा प्रश्न गावाने स्वतःस विचारावयाचा आहे.

आणि या सर्वांच्या आधी, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात पहिल्या खुनाची कथा आहे. हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडते, आणि भूमी काइनाला आपले सत्त्व देण्याचे नाकारते. बंधुवध आणि भूमीचे वांझपण यांचा संबंध येथे पहिल्यांदा सांगितला जातो. काइनाला शिक्षा होते, ती कठोरही असते, परंतु परमेश्वर त्याला मारीत नाही. उलट, त्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. पुढील वचने आपण सहसा घाईने वाचून टाकतो. जिवंत राहिलेला हा खुनी एक नगर वसवतो, आणि त्याच्या वंशात गुरे पाळणारे, वाद्ये वाजवणारे, तांब्यालोखंडाची हत्यारे घडवणारे जन्मतात. मनुष्याच्या संस्कृतीचा एक मोठा भाग शास्त्राने एका क्षमापात्र ठरलेल्या खुन्याच्या वंशवृक्षावर दाखवला आहे. मात्र शास्त्र भाबडे नाही. त्याच वंशात लामेख जन्मतो आणि सत्त्याहत्तरपट सूडाची बढाई मारतो. जीवदान मिळालेल्यांची संतती आपोआप सुधारत नाही. लामेखाच्या त्या हिशेबाला उत्तर मिळते ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, जेव्हा पेत्राला प्रभू येशू क्षमेचा हिशेब सांगतो.

गणनेतील त्या कठीण वचनाचे मग काय झाले? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय सांगतो की येशूचे रक्त हाबेलाच्या रक्तापेक्षा चांगले बोलते. भूमीच्या प्रायश्चित्तासाठी जे रक्त लागत होते ते, देहान्त शिक्षा झालेल्या त्या निरपराध्याने, दोन दोषी ठरलेल्यांच्या मध्ये खिळले जाऊन दिले. यानंतर आणखी एखाद्याच्या रक्ताने भूमी शुद्ध होईल असे म्हणणे म्हणजे क्रुसावरील अर्पण अपुरे मानणे होय. आमच्या मते मृत्युदंडाविरुद्धचा हा सर्वांत खोल ख्रिस्ती युक्तिवाद आहे.

३. परंपरेचा ओघ

ख्रिस्तसभेने प्रथमपासून एकच भूमिका घेतली, असे सांगू नये. चौथ्या शतकाच्या आरंभी लाक्तान्तियुस याने कायद्याच्या मार्गानेही मनुष्यवध करू नये असे लिहिले. संत ऑगस्टीन यांनी राजसत्तेचा तलवारीचा अधिकार नाकारला नाही. तथापि ४१२ साली, एका धर्मगुरूचा खून केल्याची कबुली दिलेल्यांविषयी त्यांनी मार्सेलिनुस या अधिकाऱ्याला पत्र लिहिले. या लोकांना जिवंत ठेवावे, त्यांचे अवयव तोडू नयेत, त्यांना उपद्रवापासून परावृत्त करून उपयुक्त कामास लावावे, अशी त्यांची विनंती होती. बळी पडलेला आपलाच धर्मगुरू असताना केलेली ही विनंती आहे, हे विसरता कामा नये.

संत थॉमस अक्वायनस यांनी, सडलेला अवयव शरीराच्या हितासाठी कापावा तसा समाजघातकी मनुष्य दूर करावा, असा युक्तिवाद मांडला, आणि तो कित्येक शतके प्रमाण मानला गेला. पोपच्या स्वतःच्या राज्यात एकोणिसाव्या शतकापर्यंत फाशी दिली जात होती, आणि व्हॅटिकन नगरराज्याच्या कायद्यातून मृत्युदंडाची तरतूद १९६९ मध्ये गेली. १९९५ मध्ये 'एवान्जेलियुम विते' या विश्वपत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितले की समाजाच्या रक्षणाचा अन्य मार्ग नसेल तरच मृत्युदंडाचा विचार व्हावा, आणि अशी प्रकरणे आज जवळजवळ नाहीतच. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये पुढील पाऊल टाकले. अत्यंत गंभीर गुन्ह्यानंतरही मनुष्याची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, शिक्षेच्या हेतूविषयीची समज खोलावली आहे, आणि गुन्हेगाराला सुधारण्याची संधी न नाकारताही नागरिकांचे रक्षण करणारी बंदिवासाची साधने आज उपलब्ध आहेत, अशी तीन कारणे सुधारित परिच्छेदात दिली आहेत. अक्वायनस यांच्या उपमेतील दोष यावरून दिसतो. अवयवाला शरीराबाहेर स्वतःचे जीवित नसते. मनुष्य मात्र समाजाचा अवयव असण्याआधी देवाची प्रतिमा आहे.

४. ग्वाल्हेरचे उदाहरण

ग्वाल्हेरच्या भूमीला वधस्तंभ अपरिचित नव्हता. १८५८ मध्ये, शिंदे सरकारचा खजिना बंडवाल्यांस दिल्याच्या आरोपावरून अमरचंद बांठिया यांना तेथील सराफा बाजारात झाडाला फाशी देण्यात आले. १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे यांना शिवपुरीत लष्करी न्यायालयाच्या निकालाने फाशी दिले गेले. दोन्ही शिक्षा त्या वेळच्या सत्तेच्या दृष्टीने कायदेशीर होत्या. आज दोन्ही ठिकाणी लोक फुले वाहतात. सत्ता ज्याला शेवट समजते तो इतिहासाच्या दृष्टीने शेवट नसतो, एवढेच यातून घ्यावे.

१९४८ चा प्रसंग अधिक बिकट आहे, कारण तेथे बळी निरपराध होता आणि मारणाऱ्याचा दोष निर्विवाद होता. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे हे त्या वर्षाच्या जानेवारीच्या अखेरीस ग्वाल्हेरला गेले. ज्या बेरेटा पिस्तुलाने ३० जानेवारीस महात्मा गांधींचा वध झाला ते पिस्तूल तेथून मिळवण्यात आले, असे अभियोगपक्षाने मांडले. शिंदे की छावनीचे नाव या पिस्तुलाच्या संदर्भात स्थानिक वृत्तपत्रांतून आजही येत असते. ग्वाल्हेरचे एक मराठी वैद्यकीय व्यावसायिक डॉ. दत्तात्रय परचुरे हेही आरोपी होते. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी गोडसे व आपटे यांना मृत्युदंड आणि परचुरे यांच्यासह पाच जणांना जन्मठेप सुनावली. जूनमध्ये पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने परचुरे व शंकर किस्तय्या या दोघांना अपिलात निर्दोष सोडले.

गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी आपल्या पित्याच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी मागणी केली. देहान्त शिक्षा अहिंसेच्या विरुद्ध आहे, जो जीवन देतो त्यालाच ते घेण्याचा अधिकार आहे, असे गांधीजी आपल्या हयातीत सांगत आले होते. पुत्रांची मागणी त्या शिकवणुकीस धरून होती. ती मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथील तुरुंगात दोघांना फाशी देण्यात आले. त्यानंतर अकरा दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, संविधानसभेने भारताचे संविधान स्वीकारले.

आता आपल्या तीन कसोट्या लावून पाहू. पुढच्या पिढीवर या फाशीचा काय परिणाम झाला? फाशीचा दिवस काही मंडळींनी 'बलिदान दिन' म्हणून पाळण्यास घेतला. २०१७ च्या नोव्हेंबरात ग्वाल्हेरमध्येच हिंदु महासभेच्या कार्यालयात गोडसे याचा अर्धपुतळा बसवण्यात आला आणि प्रशासनाने तो काही दिवसांत जप्त केला. २०२१ च्या जानेवारीत त्याच्या नावाने ज्ञानशाळा उघडली गेली आणि ती दोन दिवसांत बंद करावी लागली. हे सारे केवळ फाशीमुळे घडले असे आमचे म्हणणे नाही. त्यामागे राजकारण आहे. परंतु द्वेषाच्या पंथाला हुतात्मा लागतो, आणि तो पुरवण्याचे काम फाशीने केले, हे नाकारता येत नाही. रक्ताने रक्त धुण्याचा दुसराही अनुभव त्याच काळात महाराष्ट्राने घेतला. गांधीवधानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत जमावांनी, मारेकरी ज्या जातीचा होता त्या जातीतील निरपराध कुटुंबांची घरे जाळली. सूड एकदा न्यायाचे नाव घेऊन निघाला की तो दोषी आणि निर्दोष यांतील रेषा जपत नाही.

येथे प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे, विष्णु करकरे आणि मदनलाल पहवा १९६४ मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेनिमित्त पुण्यात सत्कारसमारंभ झाला, त्यावरून देशभर क्षोभ उसळला, आणि अखेर कपूर आयोगाची चौकशी झाली. गोपाळ गोडसे यांनी पुढेही पश्चात्ताप व्यक्त केला नाही. तेव्हा, जीवदान दिले की मनुष्य पालटतो, असे वचन आपण कोणालाही देऊ शकत नाही. मग जीवदान का द्यावे? या प्रश्नाकडे आपण पुढे येऊ.

५. मागे कोण राहतो?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बच्चन सिंग खटल्यात मृत्युदंड वैध ठरवला, पण तो विरळातील विरळ प्रकरणांपुरता मर्यादित केला. न्यायमूर्ती भगवती यांचे मत भिन्न होते. या शिक्षेचा भार मुख्यतः गरिबांवर पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशातील मृत्युदंडाच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे आढळले, आणि तितकेच प्रमाण मागास वर्ग व धार्मिक अल्पसंख्य यांतून आलेल्यांचे होते. श्रीमंत गुन्हे करीत नाहीत असा याचा अर्थ कोणी लावणार नाही. चांगला वकील, साक्षीपुराव्याची छाननी, वेळेवर अपील या गोष्टी ज्याच्या आवाक्याबाहेर आहेत तो फाशीच्या कोठडीपर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्रातील एक प्रकरण प्रत्येक धर्मशिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील एका कुटुंबावर रात्री हल्ला होऊन पाच जणांचा बळी गेला. भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना मृत्युदंड दिला. उच्च न्यायालयाने तिघांचा जन्मठेपेत बदलला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना मृत्युदंड दिला. हा शेवटचा शब्द ठरला असता. परंतु प्रकरण पुन्हा उघडले गेले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने आरंभी पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले होते. सहा माणसांची सोळा वर्षे गेली. बळी पडलेल्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. आणि तरीही न्यायालयाला आपली चूक दुरुस्त करता आली, ती केवळ ही माणसे जिवंत होती म्हणून.

सावधगिरीचे तत्त्व येथे उपयोगी पडते. एखाद्या नदीत विष सोडण्याआधी आपण पूर्ण खात्री मागतो, कारण मेलेली नदी पुन्हा वाहती करणे कठीण असते. मनुष्याच्या बाबतीत मात्र, भरून न येणारी हानी करण्यास आपण इतक्या सहज तयार का होतो? मानवी न्याय चुकतो, हे सर्वोच्च न्यायालयही जाणते. म्हणूनच २०२२ मध्ये, मध्य प्रदेशातील एका प्रकरणाच्या निकालात त्याने असे बंधन घातले की मृत्युदंडाचा विचार करण्याआधी आरोपीची मानसिक स्थिती, बालपण व सामाजिक परिस्थिती यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मिळवली जावी. त्याच वर्षी त्याच राज्यातील एक योजना न्यायालयापुढे आली. सरकारी वकिलांनी मिळवलेल्या शिक्षेच्या प्रमाणात त्यांना गुण दिले जात होते, आणि मृत्युदंडाला सर्वांत अधिक गुण होते. ही योजना पुढे मागे घेण्यात आली. मनुष्याचा मृत्यू जेथे कामगिरीच्या तक्त्यात मोजला जातो तेथे संस्था सक्षम झाली असे म्हणता येत नाही, ती आतून पोखरली गेलेली असते.

६. उदयनगरचे उदाहरण

ज्या ख्रिस्ती व्यक्तीच्या जीवनात विकासकार्य, हिंसा आणि क्षमा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या ती मध्य प्रदेशातच होऊन गेली. धन्य सिस्टर राणी मारिया या केरळमधून आलेल्या फ्रान्सिस्कन क्लारिस्ट भगिनी इंदूरच्या धर्मप्रांतात उदयनगर परिसरातील भूमिहीन शेतमजुरांत काम करीत होत्या. सावकाराच्या कर्जातून सुटका, हक्कांची जाणीव, स्वतःची बचत ही त्यांच्या कार्याची सूत्रे होती. ते ज्यांच्या हितसंबंधांच्या आड आले त्यांनी त्यांचा काटा काढण्याचे ठरवले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्यांच्यावर सुऱ्याने वार करण्यात आले आणि त्या मृत्युमुखी पडल्या.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये सिस्टर राणी मारिया यांच्या सख्ख्या बहीण, स्वतःही त्याच संघातील भगिनी असलेल्या सिस्टर सेल्मी पॉल, यांनी तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटावर राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये सिस्टर राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले तेव्हा तो त्या सोहळ्यास उपस्थित होता. तो फासावर गेला असता तर क्षमा करणारे राहिले असते, पण क्षमा स्वीकारणारा उरला नसता.

१९६४ चे पुणे आणि २००२ चा इंदूरचा तुरुंग ही दोन्ही उदाहरणे आपण शेजारी ठेवली पाहिजेत. एकीकडे जिवंत राहिलेला मनुष्य पालटला नाही, दुसरीकडे पालटला. कोण कसा निघेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच जीवदानाचा आधार फलनिष्पत्ती हा होऊ शकत नाही. येथे शाश्वत विकासाच्या भाषेची मर्यादाही दिसते. ती भाषा हिताचा, परिणामाचा, भविष्याचा विचार करते आणि तो आवश्यकही आहे. परंतु उद्या एखाद्याने हिशेब मांडून दाखवला की अमुक मनुष्य जिवंत ठेवण्यात समाजाचा तोटाच आहे, तर त्या भाषेजवळ उत्तर अपुरे पडते. ख्रिस्ती उत्तर अपुरे पडत नाही. परमेश्वराने काइनावर खूण केली ती काइन पश्चात्ताप करील या अटीवर नव्हे. मनुष्य उपयोगी आहे म्हणून जगण्यास पात्र नाही, तो देवाने निर्मिला आहे म्हणून पात्र आहे.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप धाकाचा. फाशीच्या भीतीने गुन्हे कमी होतात, असे म्हटले जाते. भारताच्या विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात या दाव्याचा परामर्श घेतला, आणि जन्मठेपेपेक्षा मृत्युदंडाचा धाक अधिक असल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध यांसंबंधीचे गुन्हे वगळता मृत्युदंड रद्द करावा, अशी शिफारस आयोगाने केली. ती स्वीकारली गेली नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने मृत्युदंड कायम ठेवला आहे.

दुसरा आक्षेप संत पौलाचा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्ताधारी व्यर्थ तलवार धारण करीत नाही, असे म्हटले आहे. यावरून राजसत्तेला शिक्षेचा अधिकार आहे हे निश्चित होते. तो कसा वापरावा हे त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या प्रकाशात वाचले पाहिजे, जेथे सूड परमेश्वरावर सोपवून शत्रूला अन्न देण्यास पौल सांगतो.

तिसरा आक्षेप खर्चाचा. गुन्हेगाराला आयुष्यभर का पोसावे? या प्रश्नात शाश्वत या शब्दाचा अर्थ काटकसर असा घेतला जातो. हाच हिशेब पुढे नेला तर वृद्ध, अपंग आणि असाध्य रोगी यांनाही तो लागू होईल. श्रद्धावंतांना येथे स्पष्ट शब्दांत सावध केले पाहिजे.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे : बळी पडलेल्यांच्या कुटुंबाचे काय? याला युक्तिवादाने उत्तर देऊ नये. ज्या आईने मूल गमावले तिला क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. सिस्टर सेल्मी यांनी राखी बांधली ती सात वर्षांनी, आणि ती स्वतःहून. मृत्युदंडाला विरोध करणारी ख्रिस्तसभा जर त्या आईच्या घरी गेली नाही, तिच्या खटल्याच्या तारखांना सोबत राहिली नाही, तर तिचा विरोध पोकळ ठरेल. अनुवादातील विधीप्रमाणे सर्वांत जवळचे गाव आपणच आहोत.

८. आपल्यापुढील कार्य

प्रवचनात मृत्युदंडाचा विषय केवळ एखाद्या खळबळजनक गुन्ह्यानंतर न घेता शांत काळात घ्यावा. काइन आणि हाबेल, जारकर्माच्या आरोपावरून धरून आणलेली स्त्री, क्रुसावरील चोर हे पाठ त्यासाठी उपयोगी आहेत. धर्मशिक्षण वर्गात २२६७ वा परिच्छेद जुन्या आणि नव्या रूपात शेजारी ठेवून वाचावा. ख्रिस्तसभेची समज कशी वाढते हे विद्यार्थ्यांना त्यातून दिसेल.

धर्मग्रामाच्या समाजकार्यात मोफत विधी साहाय्याची माहिती समाविष्ट करावी. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असते. गरीब आरोपीला आणि गरीब फिर्यादीलाही त्याचे दार कोठे आहे हे ठाऊक नसते. अटकेनंतरच्या पहिल्या दिवसांत मिळालेली मदत पुढे फाशीच्या कोठडीतील अर्जापेक्षा अधिक मोलाची ठरते. बचत गटाच्या बैठकीत ही माहिती देणे हेही सोळाव्या ध्येयाचेच कार्य होय.

तुरुंगभेटीचे कार्य 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' च्या स्वयंसेवकांवर सोपवून आपण मोकळे होऊ नये. कैद्याची भेट ही मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रत्येकास लावलेली कसोटी आहे. कैद्याच्या पत्नी व मुलांकडेही लक्ष द्यावे. त्यांनी काहीही अपराध केलेला नसतो, आणि गावात त्यांच्याशी कोणी बोलत नाही. मागे राहिलेल्यांतही ती सर्वांत मागे असतात.

लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त दिला आहे. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडण्याची आज्ञा मालक देतो, कारण ते जमीन व्यर्थ अडवते. हा विकासाचाच युक्तिवाद आहे, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. माळी मात्र आणखी एक वर्ष मागून घेतो, आणि त्या वर्षात सभोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम स्वतःकडे घेतो. झाडाला पुढे फळ आले की नाही हे दृष्टान्तात सांगितलेले नाही. आपल्याला सोपवलेले काम खणण्याचे आणि खत घालण्याचे आहे. ज्या धर्मग्रामात ते होत असेल तेथे, फाशी नाही तर मग काय, या प्रश्नाचे उत्तर लोकांना डोळ्यांनी दिसेल.